मिठाचं कोकरू

टबात हात घातला तेव्हा नवीला वाटलं, तळाशी साबण विरघळायचा राहून गेलाय.

सकाळी लाँड्री उघडायला जाण्याआधी तिने तो टब मागच्या मोरीत ठेवला होता. कोमट पाणी, चमचाभर साबणाचा चुरा, आणि त्यात गव्हाणीच्या देखाव्यातली सगळी मंडळी: गाढव, बैल, मेंढपाळ, देवदूत, कोकरू, दगड, बाळ. आदल्या दिवशी पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली आला तेव्हा त्यांच्या अंगावर वर्षानुवर्षांची काजळी बसलेली तिने पाहिली होती. हाताला टणक लागली, वर रंग दिलेला, म्हणजे भाजलेल्या मातीची असणार, असं ती धरून चालली. बाई लाँड्रीवाली. मळलेलं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. दुपारी यायचं, मऊ ब्रशने हलकेच घासायचं, पुसून वाळवून मांडून ठेवायचं. कुणी तोंडाने नाही म्हटलं तरी मनात म्हणेलच, हिने केलं हो. लग्न होऊन या घरात आल्यापासून कुणाला न विचारता तिने केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

आता तिच्या ओंजळीत करडा लगदा होता. त्यात मधेच निळं, मधेच लाल. गाढवाचा एक कान तेवढा ओळखू येत होता. ती तो उचलायला गेली तर तोही बोटांना चिकटून पसरला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि मोरीच्या कट्ट्यावर मटकन बसली.

बेकरीवाल्यांच्या घरात मातीची बाहुली येईल कशाला? सगळं मिठाच्या कणकेचं होतं. मैदा, मीठ, पाणी एकत्र मळायचं, आकार द्यायचा आणि शेवटचा घाणा निघाला की निवत्या भट्टीत वाळत ठेवायचं. वरून रोगण लावायचं नाही हा आजोबांचा, म्हणजे नवीच्या सासऱ्यांचा नियम, कारण कणकेला श्वास घेता यायला हवा असं त्यांचं ठाम मत. घरातल्यांना हे इतकं ठाऊक होतं की ते कुणाला सांगावं लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आदल्या दिवशी थोरल्याने, म्हणजे नवीच्या नवऱ्याने, डब्यातली एकेक बाहुली तिच्या हातात दिली होती आणि कोणती कुणाची ते कौतुकाने सांगितलं होतं. कुणाची ते सांगितलं. कशाची ते नाही.

"अहो, खळ उरलीये का कुठे? माझी साखळी अर्धीच झाली," असं म्हणत धाकटी आत आली. ती नवीची धाकटी जाऊ. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि नाताळची सुट्टी लागल्यापासून मैद्याच्या रिकाम्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून कागदी साखळ्या करत बसली होती. तिचा नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेला, उद्या यायचा होता. साखळी तिच्या गळ्यात हारासारखी अडकवलेली आणि बोटांना कागद चिकटलेले.

टब बघितला आणि ती थांबली.

"ही कुठली खळ?"

तिने कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्याकडे बोट केलं.

धाकटीने डब्याकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. "माझा बैल?"

"हो."

"सगळेच?"

"सगळेच."

धाकटीच्या बैलाला दात होते. वरचे, खालचे, अगदी दाढांसकट. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तिने तो केला तेव्हा घरभर हसू पसरलं होतं. ही या घराची रीत. जन्माने येवो की लग्नाने, घरात आलेल्या माणसाने आपल्या पहिल्या नाताळात गव्हाणीसाठी एक बाहुली करायची. एकच करायची, आणि एकदा केली ती केली. मोडली तर डिंकाने चिकटवायची, पुन्हा करायची नाही. म्हणून त्या गोठ्यात दातवाला बैल होता, काखेत पावाची लादी मारलेला मेंढपाळ होता, आणि एक ओबडधोबड दगड होता, कारण थोरल्याची लेक ठिणगी पहिल्या नाताळात तान्ही होती आणि तिच्या मुठीत कणीक दाबून जे आलं ते ठेवलं गेलं. आणि ठिणगीच्या आईचं, थोरल्याच्या पहिल्या बायकोचं, लांब मानेचं कोकरू होतं.

धाकटी आणि ती दोघी एकाच वर्षी सुना म्हणून या घरात आल्या होत्या. बैल आणि कोकरू एकाच पत्र्यावर वाळले होते. धाकटीने तिला 'वहिनी' म्हटलं होतं, आणि ती गेल्यावर तो शब्द तिने जणू कपाटात ठेवून दिला होता. नवीला ती 'अहो' म्हणायची. वाईट वागायची नाही, पण जवळही जायची नाही.

आता तिने मोरीत बसलेल्या बाईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ओले हात मांडीवर उताणे ठेवून ती नुसती बसली होती. धाकटीचा राग यायला निघाला होता तो वाटेतच कुठेतरी बसला.

"उंदरांनी खाल्लं म्हणू," ती कुजबुजली.

"काय?"

"उंदरांनी. माळ्यावर. रिकामा डबा दाखवायचा."

"बेकरीत उंदीर निघाला म्हटलं तर ताई काय करतील?"

धाकटीने विचार केला. "दुकान बंद करून घर खणून काढतील," तिने कबूल केलं. "मग बाजारातून नवीन आणू. तयार मिळतात, प्लॅस्टिकच्या. आत दिवासुद्धा लागतो. उठा, वहिनी, आधी हे ओतून द्या."

शब्द तोंडातून गेला आणि तिचा तिलाच कळला. नवीलाही कळला असावा, कारण ती उठली. पण तिने टब ओतला नाही.

"यात तिचं कोकरू आहे," ती म्हणाली. "मोरीत कसं ओतू?"

तेवढ्यात जिन्यावर आत्याची पावलं वाजली.

आत्या म्हणजे थोरल्याची मोठी बहीण, या दोघींची ताई. वरच्या मजल्यावर शिवणयंत्र घेऊन राहायची, शेजारपाजारच्या पोरींचे झगे शिवायची आणि खालच्या मजल्यावरचा कारभार वरून बघायची. हे लग्न होऊ नये म्हणून तिने काय काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नवी वाईट आहे असं तिचं म्हणणं नव्हतंच. तिचं म्हणणं, घरातल्या पोरीला अजून तिची आई पुरतेय, तर दुसरी आणायची घाई कशाला. तिच्या हातात चिंध्यांच्या चांदण्यांचं तोरण होतं. दर नाताळला ती वर्षभराच्या कातरणीतून चांदण्या शिवायची. शेजारच्या नवरीच्या झग्याचा तुकडा एका चांदणीत, कुणाच्या शाळेच्या गणवेशाचा दुसरीत.

"डबा कुठाय? मंडळींना ब्रश मारायचाय," ती म्हणाली. "आणि दोघी मोरीत काय करताय?"

धाकटी टबाच्या पुढे सरकली. "काही नाही, ताई. खळ करतोय."

"मोरीत?"

"ताई," नवी म्हणाली, "बाहुल्या मी धुवायला घातल्या. मला मातीच्या वाटल्या. विरघळल्या."

धाकटीने डोळे मिटून घेतले. इतका चांगला उंदीर वाया गेला.

आत्या पुढे आली, वाकली. मग बोटाने लगदा बाजूला करून बघितला, जणू खाली कोणीतरी शाबूत सापडेल.

"माझा देवदूत," ती शेवटी म्हणाली.

त्या देवदूताला अख्खं घर कोंबडी म्हणत आलं होतं. आत्याने तो चार वर्षांची असताना केला होता आणि तेव्हापासून तो देवदूत आहे यावर ती अडून बसली होती. आज मात्र कुणी कोंबडीचं नाव काढलं नाही.

"घरात मळलेलं दुसरं काही दिसलं नाही तुला?" आत्याने विचारलं. "पडदे होते, चादरी होत्या, तुझ्या नवऱ्याचा एप्रन होता. तो तर उभा राहतो आपला आपण. मिठाला पाणी लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मीठ आहे हे मला कुणी सांगितलं नाही, ताई."

हे नवीने उलट उत्तर म्हणून म्हटलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. पण आत्याला ते टोचलं, कारण ते खरं होतं. तिच्या मनात त्या क्षणी दोन गोष्टी होत्या. एक दुःख, खरंखुरं. दुसरी, मी म्हणत होते ना, अशी एक बारीकशी गुदगुली. ही दुसरी तिला स्वतःलाच दिसली आणि तिची तिला लाज वाटली. माणूस चिडतं ते बहुतेक वेळा अशाच लाजेने.

नेमका तेव्हा थोरला आला. कोपरापर्यंत मैदा, भुवयांवर मैदा. नाताळचे केक भट्टीत चढवून तो चहा शोधत आला होता. मोरीत तीन बायका आणि एक टब बघून चहा मिळणार नाही एवढं त्याला कळलं.

"काय झालं?"

"तू हिला सांगितलं नव्हतंस?" आत्याने विचारलं.

"काय?"

"बाहुल्या कणकेच्या आहेत म्हणून."

"त्यात सांगायचं काय?" थोरला म्हणाला. मग त्याने टबात पाहिलं. "अरेच्चा."

"अरेच्चा म्हणे," आत्या म्हणाली. "अर्धा तास बायकोला डबा दाखवत बसला होतास. दात काढून हसत होतास, मी वरून ऐकलं. ही कुणाची, ती कुणाची. आणि एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही?"

"भावजी, खरंच," धाकटी म्हणाली.

"मला वाटलं, तिला माहीत असेल."

"कुठून माहीत असेल? लाँड्रीत शिकवतात?"

गंमत अशी की इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या तिघी एका बाजूला उभ्या होत्या आणि थोरला दुसऱ्या. त्याच्या ते ध्यानात आलं. स्वभावाने गरीब माणूस. त्याला वाटलं, आपल्याला बोलून यांचं जमत असेल तर बोलू देत. पण मग त्याला लेक आठवली आणि तोंड उतरलं.

"ठिणगी येईल आता शाळेतून," तो म्हणाला. "तिला एवढ्यात नको सांगूया. नाताळ होऊ दे. डबा सापडत नाही म्हणू."

"मीही तेच म्हणते," धाकटी म्हणाली.

आत्यानेही मान हलवली.

"नाही," नवी म्हणाली. "भिजवलं मी, तिला सांगेनही मीच. आज लपवलं तर पुढे कधीही कळलं तरी ती म्हणेल, तुम्ही सगळ्यांनी मिळून लपवलंत. तिला या घरात माझ्याशिवाय सगळे आपले वाटतात. ते तसंच राहू दे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. बघणं जुनंच, पण थोडं जास्त वेळ टिकलं.

ठिणगीला हे नाव आजोबांनी दिलं होतं आणि ते तिने सार्थ केलं होतं. अकरा वर्षांची पोर, दार लाथेने उघडायची, भांडण झालं तर गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. ती आली तेव्हा दप्तर फुगलेलं होतं. त्यात पुस्तकं नव्हती, सुरूची फळं होती. त्यांना चुना लावून बर्फ पडल्यासारखी करायची होती.

नवी तिच्यासमोर उभी राहिली. मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही.

"गव्हाणीतल्या बाहुल्या माझ्या हातून भिजल्या. मी धुवायला घातल्या होत्या. सगळ्या विरघळल्या. चूक माझी आहे."

ठिणगीने दप्तर खाली ठेवलं. "कोकरूसुद्धा?"

"कोकरूसुद्धा."

सगळे आता स्फोट होणार म्हणून थांबले. थोरल्याने तर खांदे वर घेतले. पण पोर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टबापाशी गेली, दोन्ही हातांनी तो उचलला, छातीशी धरला आणि अंगण ओलांडून बेकरीकडे चालू लागली. पाणी तिच्या गणवेशावर सांडत होतं. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि त्या दिवशीही ती अशीच कुणाशी न बोलता आजोबांकडे गेली होती. आत्याला ते आठवलं आणि तिने तोरणाने डोळे पुसले.

आजोबा भट्टीच्या दाराशी स्टुलावर बसून संत्र्याच्या वाळलेल्या चकत्या दोऱ्यात ओवत होते. बेकरी थोरल्याच्या हातात दिल्यापासून त्यांना नाताळात एवढंच काम उरलं होतं. नजर अधू झाली होती, सुईत दोरा शेजारची पोरं घालून द्यायची, पण बोटं अजून बेकरीवाल्याची होती. चकतीला हात लावून कोणती नीट वाळली आणि कोणती अजून ओली ते ते सांगायचे. केकचा वास सगळीकडे भरला होता.

"आजोबा, हात घाला," ठिणगी म्हणाली आणि टब त्यांच्या पायाशी ठेवला.

त्यांनी हात घातला. बोटांत लगदा घोळवला.

"कुणी मळलंय हे? पाणी फार झालंय," ते म्हणाले. "आणि मीठ उतरलंय. साबणाचा वास कसला?"

"हे आपले आहेत. गव्हाणीतले. सगळे."

एव्हाना बाकीचे दारात येऊन उभे राहिले होते. आजोबांचा हात पाण्यात तसाच राहिला. त्यात त्यांचं गाढव होतं. त्यात त्यांच्या बायकोने केलेलं बाळ होतं, तांदळाच्या दाण्याएवढी बोटं असलेलं. बायकोला जाऊन किती काळ लोटला, पण दर नाताळला ते बाळ गव्हाणीत आजोबाच ठेवायचे. त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. त्यांनी ते लपवलंही नाही. नाक शिंकरलं, डोळे बाहीने पुसले.

मग त्यांनी पाणी अलगद निथळू दिलं आणि तळाचा लगदा मुठीत दाबून बघितला.

"धरतोय अजून," ते म्हणाले. "थोरल्या, मैदा आण. आणि मीठ, भरपूर."

"बाबा, पण नियम?" आत्या म्हणाली. "एकदा केली ती केली."

"नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"मग मीच मोडतो. दुसऱ्याला कशाला त्रास." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "आणि बाळ तर दर नाताळला नवीनच जन्माला यायला हवं. आपणच कंजूष, जुन्यावर भागवत होतो."

थोरल्याने लाकडी टेबलावर मैदा ओतला, मधे खड्डा केला आणि टब त्यात रिकामा केला. त्याने आयुष्यात पावासाठी काय कणीक मळली असेल ती मळली असेल, पण इतक्या जपून कधी मळली नव्हती. मळता मळता कडेने फेस आला.

"फेसाळतंय," तो म्हणाला.

"निदान स्वच्छ तरी निघेल," आत्या म्हणाली, आणि हे तिच्या तोंडून निघालं म्हटल्यावर धाकटी फस्सकन हसली. मग थोरला हसला. नवी दारातच उभी होती. तिला हसावं की नाही ते कळत नव्हतं.

गोळा करडा-निळा झाला, मधूनमधून लाल रेघा. कोण कुठे संपतं आणि कोण कुठे सुरू होतं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. थोरल्याने त्याचे तुकडे पाडले आणि ज्याचा त्याला दिला; बाहेरगावी गेलेल्या भावाचा ओल्या फडक्यात गुंडाळून उद्यासाठी ठेवला. मग बेकरीत बराच वेळ नुसता थापण्या-वळण्याचा आवाज. थोरल्याच्या मेंढपाळाला यंदा पावाची मोठी लादी मिळाली. धाकटीने काडीने बैलाचे दात कोरले आणि एक दात किडलेला ठेवला, "नाहीतर दवाखाना चालायचा कसा." आत्याने या वेळी ठरवलं होतं की पंख नीट काढायचे. शिवणकामातला सगळा हात तिने पणाला लावला. पंख सुबक झाले, झग्याला चुण्या आल्या, चेहरा गोल झाला. तिने तो टेबलावर उभा केला आणि सगळ्यांनी बघितला.

"कोंबडी," आजोबा हाताने चाचपत म्हणाले.

"देवदूत आहे!"

"असेल. पण अंड्यावर बसलाय."

आजोबांचं गाढव आणि बायकोच्या वतीने त्यांनीच केलेलं बाळ सगळ्यात आधी तयार झालं होतं. बोटं तांदळाच्या दाण्याएवढी जमली नाहीत, जरा जाडजूड झाली. "बेकरीत जन्मलंय, खातंपितं असणारच," ते म्हणाले.

ठिणगीने आपला दगड एका मुठीत दाबून केला. मूठ आता मोठी होती, दगडही मोठा झाला. पण तिच्यापुढे आणखी एक तुकडा होता आणि त्याला तिने हात लावला नव्हता. शेवटी तिने तो घेतला. चार पाय वळले, अंग वळलं, मान ओढली. मग थांबली.

"केवढी होती?" तिने विचारलं. "मान?"

"लांब," आत्या म्हणाली. "उंटासारखी. आम्ही उंटच म्हणायचो."

"उंट नाही हो, बदकासारखी," धाकटी म्हणाली. "वाकडी होती."

"वाकडी नाही, मागे वळलेली," थोरला म्हणाला. "मागे कुणी येतंय का बघत असल्यासारखी."

"पुढे होती, रे. चारा खायला," आत्या म्हणाली.

"अगं, मी रोज बघायचो!"

"दर वर्षी नाताळात बघायचास. रोज कधी?"

वाद रंगला. पण ठिणगीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने मान मागे वळवली, पुढे वळवली, पुन्हा सरळ केली. कोकरू दर वेळी वेगळंच होत होतं, आणि एकदाही ते नव्हतं. तिला ते दिसत होतं तोवर दिसत होतं. आता डोळे मिटले तर फक्त सगळ्यांचं हसणं आठवत होतं आणि उंट हा शब्द. "मलाच आठवत नाहीये," ती हळूच म्हणाली.

हे ऐकल्यावर वाद थांबला. आणि प्रत्येकाला कळलं की आपल्यालाही आठवत नाही. आपल्याला त्या मानेवरची थट्टा आठवते.

"मागे किंवा पुढे नव्हती," दारातून नवी म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"डावीकडे झुकली होती. खांद्यावर डोकं टेकल्यासारखी. मान करंगळीएवढी, वर निमुळती. डावा कान उजव्यापेक्षा खाली. डोळे टोचलेले नव्हते, मिटलेले होते. नखाने रेघ ओढली होती. ते झोपलेलं होतं."

थोरल्याच्या चेहऱ्यावरून कळलं की खरं आहे. त्याला झोपलेले डोळे आत्ता आठवले.

"तुम्हाला कसं माहीत?" ठिणगीने विचारलं.

"पाण्यात ठेवायच्या आधी बघत बसले होते." नवी एक पाऊल आत आली. "बाकीच्यांना घरात रोज भेटते. तिच्याशी कधी भेट नाही झाली. म्हटलं, तिच्या हातचं तरी नीट बघू."

आत्याने मान खाली घातली आणि तोरणाच्या चांदण्या उगाचच सारख्या केल्या.

ठिणगीने मान डावीकडे झुकवली. डावा कान खाली आणला. नखाने दोन रेघा ओढल्या. मग ते तळहातावर घेऊन दूर धरलं, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर ओळख उमटली.

"पोटाखाली अंगठ्याचा खळगा होता," नवी म्हणाली. ती आता टेबलापाशी आली होती. "पाय चिकटवताना तिने अंगठ्याने दाबलं असणार. मी माझा लावून बघितला. माझा मावला नाही. तिचा हात बारीक होता."

ठिणगीने कोकरू उलटं केलं. पोटाच्या मधोमध आपला अंगठा टेकवला, दाबला, उचलला. आणि ते नवीपुढे धरलं.

"एवढा?"

नवीने वाकून बघितलं. हळूच आपला अंगठा त्या खळग्यावर ठेवला. तो कडांवर अडला, आत गेला नाही.

"एवढाच," ती म्हणाली. "अगदी एवढाच."

ठिणगी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. पुढून, मागून. या घरात तिला सगळे सांगायचे, डोळे बापाचे, नाक आत्याचं, राग आजोबांचा. आईचं काय आहे, असं तिने पुष्कळदा मनात विचारलं होतं आणि कुणालाच विचारलं नव्हतं. तिने तो अंगठा मुठीत धरला आणि मग रडली, अंगभर, चांगली मोठ्याने, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. नवीने तिला जवळ घेतलं नाही. नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि पोरीने तो झटकला नाही.

"बरं," आजोबा थोड्या वेळाने म्हणाले, "एक तुकडा उरलाय. घरात कुणाचा तरी पहिला नाताळ आहे म्हणतात."

"मी?" नवी म्हणाली. "एवढं करून?"

"एवढं करून गव्हाणीत जागा नाही मिळाली तर काय उपयोग?" आत्या म्हणाली. "घे. आणि वाकडंतिकडं झालं तरी चालेल, या घरात सुबक कुणाचंच नसतं."

नवीने तो तुकडा घेतला. तिला माणूस जमेना, जनावर जमेना. शेवटी तिने एक छोटासा गोल टब केला, दोन कडांना दोन कान. बघून थोरला इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं.

"काय वाईट आहे?" आजोबा म्हणाले. "तान्हं बाळ आहे गोठ्यात. त्याचे कपडे धुवायला नकोत?"

केक बाहेर निघाले, भट्टी निवू लागली. ठिणगीने एकेकाला पत्र्यावर ठेवलं: बाळ मधे, बाजूला गाढव, बैल, मेंढपाळ, अंड्यावर बसलेला देवदूत, मोठा झालेला दगड. सगळ्यांना साबणाचा मंद वास येत होता. कोकरू तिने बाळाच्या कुशीशी ठेवलं. टब उचलला, पत्र्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, तिथे ठेवला. थोडा विचार केला. मग तो परत आणून कोकराच्या शेजारी ठेवला.

"इथे राहू दे," ती नवीला म्हणाली. "पण तू यात पाणी नाही हं घालायचंस."

"नाही घालणार," नवी म्हणाली.

थोरल्याने पत्रा आत सरकवला आणि भट्टीचं दार लावलं.